किती वाळलास!

लोणावळा,
२ नोव्हेंबर २०२५

ती. सौ. नंदावहिनींस,
अनघाचा सा. न. वि. वि.

फोनच करणार होते. पण तुमचा कान अधू, म्हणून तुम्ही स्पीकर लावता आणि आपल्या घरातलं बोलणं पेठेतल्या सगळ्या आळीला कळतं. मागच्या खेपेला मी दादाच्या मूळव्याधीचं विचारलं, तर उत्तर शेजारच्या दत्तोबांनी दिलं! त्यापेक्षा आपलं पत्र बरं.

आदिनाथ काल माप द्यायला आला होता. माझ्या भाच्याच्या लग्नाचे कपडे माझ्याच मशीनवर शिवून निघणार, हे मी आधीच सांगून ठेवलंय. वहिनी, जन्मभर लोकांची मापं घेतली, पण माप देताना घामाने डबडबलेला माणूस पहिल्यांदा पाहिला. भर दुपारी जाड स्वेटशर्ट घालून आला. काढ म्हटलं तर काढेना. शेवटी वरूनच टेप लावली. पोरगा दाराएवढा रुंद झालाय, दंड माझ्या मांडीएवढे, आणि माझी मांडी तुम्हाला ठाऊक आहे. तरी मला सांगतो, आत्या, छातीत आणि दंडात कापड सोड, हळदीपर्यंत मी अजून भरेन. मी हसून म्हटलं, अरे आणखी भरलास तर शेरवानी नको, मांडवच शिवते. तर एकदम भडकला, माझ्या हातातली टेप ओढून भिरकावली. मग स्वतःच उचलून नीट गुंडाळून ठेवली आणि माफी मागितली. हा आपला आदिनाथ नव्हे हो.

टेप उचलायला वाकला तेव्हा शर्ट वर सरकला. पाठभर लाल पुटकुळ्या, आणि कमरेखाली सुया टोचल्याचे निळे डाग. विचारलं, तर व्हिटॅमिनची इंजेक्शनं म्हणाला. मला काही ते पटलं नाही.

आणखी एक. समीक्षा परवा भाजे गावाहून ब्लाउज टाकायला आली होती. होणारी सून गोड आहे, पण रडवेली दिसली. व्हिडिओ कॉल केला की हा कॅमेरा छताकडे करतो म्हणे. आपण त्याला आवडलो नाही की काय, असं मला विचारत होती.

काय चाललंय ते सविस्तर लिहा. लोभ तर आहेच, या वेळी थोडी घाईही असू द्या.

आपली,
अनघा

---

तिकोणा पेठ,
६ नोव्हेंबर

सौ. अनघावन्सं यांना नंदाबाईचा नमस्कार.

हितं सर्व खुशाल. भात काढून झालं, झोडनी चालूय. हाताला कुसळं लागल्यात, म्हनून अक्षर वाकडं येतंय, समजून घ्या.

तुमी दाराएवडा, मांडीएवडा असलं काय काय लिवलंय. वन्सं, असलं लिवू नका ओ. कुटं दाराएवडा? वाळलाय माजा लेक. काटकुळा झालाय.

रविवारी आलता. दारात पाय ठेवला तसं मी म्हनलं, किती वाळलास रं बाबा, हाडं वर आली. दर येळंला म्हनते तसंच म्हनलं. तर ह्यो ताटावर बसला आन भाकरी तशीच टाकून उठला. मागं अंडी आनलीती ट्रे भरून, ती एकट्यानं खाल्ली, आन आईच्या हातची भाकरी न्हाई खाल्ली. मला लय लागलं.

मग पडवीत येऊन बापाला म्हनतो, हळद नको. लावायचीच आसंल तर शर्टावरनं लावा. तुमच्या दादांनी कपाळाला हात लावला. दत्तोबा हितंच बसलेले, त्ये म्हनले, शर्टाला हळद लावून शर्टाचं लगीन लावायचं का? सगळी हसली. पोरगं गाडीला किक मारून गेलं ते अजून फोन उचलंना. भाज्याच्या पावन्यांनी पत्रिका वाटल्या. अकरा डिसेंबरला हळद. नवरदेव उघडा बसल्याबिगर आपल्यात हळद लागती का? लोकं काय म्हनतील, पोरात काय खोट हाय का म्हनून इचारतील.

सुयांचं मला काय म्हाईत न्हाई. तुमचं ऐकतो तो. तुमीच इचारा.

लोभ हाय तो पातळ करू नका.

तुमची,
नंदाबाई

---

आंबी,
११ नोव्हेंबर

ती. आत्यास,
आदिनाथचा सा. न. वि. वि.

तुझी चिठ्ठी कंपनीतल्या रमीजनं खोलीवर आणून दिली. फोन उचलत नाही म्हणून त्याला पोस्टमन केलंस, कमाल आहे. टेपचा राग ठेवू नकोस. हल्ली मला कशाचाही राग येतो आणि तो जाईपर्यंत काहीतरी फेकलेलं असतं.

तू खरं लिही म्हणालीस, म्हणून लिहितो. आईला कळता कामा नये.

मे महिन्यात गेणूची हळद झाली, आठवतं? माझ्या वर्गातला गेणू. पाटावर उघडा बसला आणि कुणीतरी रील काढली. खाली लिहिलं, हळद लावताय की बरगड्या मोजताय. दोन दिवसांत सगळ्या मावळात ती फिरली. कंपनीत माझ्या मशीनवरच्या पोरांनीही मला दाखवली आणि म्हणाले, आदिनाथ, पुढचा नंबर तुझा. त्या दिवशी खोलीवर येऊन आरशासमोर उभा राहिलो. गेणू तरी बरा, असं वाटलं.

जिम लावली. जिमवाला कैलास म्हणाला, नुसत्या अंड्यांनी वर्ष जाईल, लग्न तर डिसेंबरात. दर शुक्रवारी तो सुई देतो. व्हिटॅमिन नाही, ताकदीचं औषध आहे. छाती वाढली म्हणतात सगळे. तूही म्हणतेस, रमीजही म्हणतो. पण आत्या, मला आरशात वाढलेली दिसत नाही. बाहीतून हात बाहेर आला की तोच जुना काडीसारखा हात दिसतो. समीक्षाचा कॉल आला की मला घाम फुटतो.

तू म्हणशील, वेडा आहेस, सगळे खोटं कशाला बोलतील. तोंडावर गोड सगळेच बोलतात गं. आई तशी नाही. दर रविवारी जातो आणि दारातच ती म्हणते, किती वाळलास. लहानपणापासून म्हणते. मी न्हाणीतून उघडा बाहेर आलो की ती तोंड फिरवते, माझ्याकडे बघवत नाही तिला. सगळं जग खोटं बोलेल, आई बोलेल का? एकदा, फक्त एकदा तिनं बघून काहीच म्हटलं नसतं, तरी मी थांबलो असतो. ती वाळलास म्हणते आणि मी सोमवारी कैलासला डोस वाढवायला सांगतो.

रात्री झोप लागत नाही, छाती धडधडते. हळद झाली की सगळं बंद करेन, शपथ.

राग धरू नकोस. कापड मात्र सोड.

तुझा,
आदिनाथ

---

लोणावळा,
१७ नोव्हेंबर

ती. सौ. नंदावहिनींस,
अनघाचा नमस्कार.

हे पत्र रमीज स्वतः तुमच्या हातात देईल. आधी बसून घ्या. आदिनाथ आता बरा आहे, हे पहिलं वाक्य दोनदा वाचा आणि मग पुढे चला.

शनिवारी तो कंपनीत मशीनसमोरच कोसळला. नाकातून रक्त आलं. रमीजनं दवाखान्यात नेलं आणि मला फोन केला. मी पोचले तेव्हा तो पलंगावर चादर गळ्यापर्यंत ओढून पडला होता. नर्सनं तपासायला चादर बाजूला केली, तर हा दोन्ही हातांनी छाती झाकत होता, बाई. डॉक्टर म्हणाले, या वयात एवढं बीपी असतं का? हृदयावर ताण आलाय, यकृत सुजलंय. सुया ताबडतोब बंद आणि दर आठवड्याला त्यांच्याकडे तपासणी, नाहीतर लग्नाच्या मांडवापर्यंत तुम्ही याला कसे आणाल ते मला ठाऊक नाही. अगदी याच शब्दांत बोलले.

आणि आपला शहाणा रिक्षात बसता बसता मला म्हणाला, हळदीपर्यंतच्या तीन सुया राहिल्यात आत्या, तेवढ्या घेतो. येत्या शुक्रवारी पुढची. मी रिक्षात त्याच्या मुस्काटात मारली. कधी नव्हे ती मारली. तो रडला नाही, मीच रडले.

आता नीट ऐका. त्यानं मला पत्र लिहिलं होतं आणि तुम्हाला सांगायचं नाही अशी अट घातली होती. ती अट मी मोडतेय. वहिनी, तो तुमच्या बोलण्याला खरं मानतो. तुम्ही वाळलास म्हणता, ते त्याला खरंच वाटतं!

मला आधी हसू आलं आणि मग आईच आठवली. आपली आई, अंबूबाई, मला जाईपर्यंत वाळलीस म्हणायची. तेव्हा मी रिक्षात एकटी बसले तरी दुसऱ्याला जागा उरत नव्हती. आमच्याकडे अंगाला लागलेल्या पोराला भरलाय म्हणायचं नाही, नजर लागते, वाळलाय म्हणायचं. घरात वाढलेल्या पोरींना हे कुणी शिकवावं लागलं नाही. पण आदिनाथ पाचवीपासून हॉस्टेलला. त्याला हे सांगितलं कुणी? तुम्ही नाही, मी नाही, दादाने तर नाहीच. तुम्ही मायेनं म्हणत गेलात आणि तो दर रविवारी ऐकून दर शुक्रवारी सुई टोचून घेत गेला.

मी त्याला हे समजावलं. म्हणाला, तू आईची बाजू घेणारच. त्याला माझ्याकडून नकोय, तुमच्याकडून हवंय. शुक्रवारच्या आत त्याला सांगा, की तू चांगला भरलेला आहेस, पुरे. एवढं एकच वाक्य.

उत्तर रमीजच्याच हाती द्या. लोभाचं नंतर बघू.

अनघा

---

तिकोणा पेठ,
१८ नोव्हेंबर

वन्सं,

रमीज वसरीवर बसलाय, च्या पितोय. तुमच्या दादांनी पत्र वाचलं आन गोठ्यात जाऊन बसलेत. माजं काळीज ठिकानावर न्हाई. माजं पोरगं दवाखान्यात पडलं आन मला तीन दिसांनी कळतंय. ह्याचं भांडान मी तुमच्यासंगं नंतर करीन.

पर तुमी मला जे बोलायला सांगताय, ते माज्या तोंडातनं निघायचं न्हाई. तुमी मला इखाची वाटी दिली तर पिईन, पर ते न्हाई बोलनार.

तुमी तवा सासरी व्हता, तुमाला अर्धंच म्हाईत. माजा बजरंग वरसाचा नव्हता झाला. गुटगुटीत, मांड्यांना वळ्या. शेजारची येक बाई दारातनं आत आली, त्याला उचलून म्हनली, काय भरलंय गं बाई तुजं पोर, लोन्याचा गोळाच. तिसऱ्या दिशी ताप. आषाढातला पाऊस, धरणाच्या बाजूनं वाट बंद, तुमचे दादा त्याला घोंगडीत घालून पवनानगरपतूर पळत गेले. परत आले ते हळूहळू चालत आले. सासूबाईंनी मला जवळ घेऊन येकच सांगितलं, नंदे, म्होरं मूल झालं तर त्येला कदी भरला म्हनू नगंस, कुनाला म्हनू देऊ नगंस. आदिनाथ झाला. मी पाळलं. आन माजा लेक जगला. सांगा, मी काय वाईट केलं?

मी मीठ-मिरच्या उतरवून रमीजसंगं देते, उशाखाली ठेवायला सांगा. पायजे तर दत्तोबाला बोलायला लावते. मला बोलाय लावू नका.

नंदाबाई

---

लोणावळा,
१९ नोव्हेंबर, सकाळ

वहिनी,

बजरंगचं वाचून रात्रभर जागी होते. आईनं मला एवढंच सांगितलं होतं, की तापानं गेला. तुम्ही वाईट केलं असं मी म्हणत नाही, कधीच म्हणणार नाही.

पण दत्तोबांचं ऐकून तो सुई टाकणार नाही, आणि उशाखालच्या मिरच्या त्याच्या कमरेपर्यंत पोचत नाहीत. नजर आहे की नाही हे मला माहीत नाही. सुई आहे. ती मी डोळ्यांनी पाहिलीये, त्याच्या खोलीतल्या खिडकीत ठेवलेली. तुम्ही एका पोराला भीतीनं सांभाळलंत, आता त्याच भीतीनं त्याला घालवू नका. कठोर लिहितेय, मोठ्या वहिनीला असं लिहू नये, कळतंय मला. त्यानं हेही लिहिलंय, की मी न्हाणीतून उघडा बाहेर आलो की आई तोंड फिरवते, तिला बघवत नाही. शुक्रवार परवावर आलाय.

वाटेल तसं सांगा. तोंडानं नाही जमत, तर कसंही सांगा.

अनघा

---

तिकोणा पेठ,
२० नोव्हेंबर, बेस्तरवार

चि. आदिनाथ यास आईचा आशीर्वाद.

ह्ये पत्र येकट्यानं वाच. मोठ्यानं वाचू नगंस. रमीजलाबी दावू नगंस, पोरगं गुनाचं हाय पर दावू नगंस. का ते म्होरं लिवते.

तुज्याआधी मला बजरंग झालाता. तुला नाव तेवडं म्हाईत. लय गुटगुटीत व्हता. येकीनं त्येला भरलाय म्हनलं आन तिसऱ्या दिशी त्यो गेला. तवापास्नं ह्या घरात भरलाय ह्यो शबूद आमी बंद केला. तुला वाळलास म्हनायचं ते त्येच्यासाठी. बघ बाबा, ह्या पोरात काय न्हाई, वाळकं लाकूड हाय, म्होरच्या घरी जा, असं त्या नजरंला सांगायचं. तुला न्हाई रं सांगायची मी. मी तुज्याशी बोलतच नव्हते.

तू न्हानीतनं उघडा भाईर आलास की मी तोंड फिरवायची, ते तू आत्याला लिवलंस. वन्संनी ते काल मला रमीजसंगं लिवून धाडलं, आन ते वाचून मी परसात जाऊन रडले. आरं माजीच नजर लागंल म्हनून फिरवायची. आईची नजर सगळ्यात वाईट म्हनत्यात. चुलीकडं तोंड करून डोळ्याच्या कोपऱ्यातनं बघायची तुला.

आता ऐक. बोललं की ते चार कानांवर जातं, वाऱ्याला कळतं. लिवलेलं तसं न्हाई. लिवलेलं फकस्त ज्येला लिवलं त्येलाच कळतं. असं मी मनाशी ठरवलंय, खरं-खोटं भैरोबा जाने. म्हनून लिवते.

तू भरलायस. लय भरलायस. दारात हुबा ऱ्हायलास की घरात अंधार पडतो. तुजे खांदे तुज्या आज्यावानी. पर त्ये सुया टोचून झालंय म्हनून सांगत न्हाई. सुया नव्हत्या, तू बारका व्हतास, पाटी-दप्तर घिऊन हॉस्टेलला निघालास, तवाबी मला तू भरलेलाच दिसायचास. देखना हायेस. कायम व्हतास. समीक्षानं हो म्हनलं ते बारक्यालाच म्हनलंय, तवा तुज्या आंगात सुई नव्हती.

लिवलं बग. आता तुला काय झालं तर मीच केलं असं मला वाटत ऱ्हानार, तुजा फोन येईपतूर माजा डोळा लागायचा न्हाई. मी येवडं केलं तुज्यासाठी. उद्याची सुई घेऊ नगंस. त्या डाक्टराकडं जा. हळद शर्टावरनं लावायची तर शर्टावरनं लावू, लोकांना मी बगते, दत्तोबालाबी बगते. तू जिता पाटावर बस, बास.

ह्ये पत्र फाडू नगंस, पर कुनाला वाचूनबी दावू नगंस.

तुजी आई

---

आंबी,
२३ नोव्हेंबर

ती. आईस,
आदिनाथचा कृतानेक नमस्कार.

मी आहे. हे आधी लिहितो. काल फोन केला तेव्हा तू स्पीकर लावला होतास, म्हणून बरा आहे एवढंच बोललो. मागून दत्तोबा खोकत होते.

शुक्रवारी कैलासचे फोन येत राहिले. मी खिडकीतली सुई कागदात गुंडाळून डॉक्टरांना नेऊन दिली. त्यांनी रक्त घेतलं. बीपी अजून वरच आहे, गोळी चालू केलीये, पुढच्या शुक्रवारी परत बोलावलंय. सुया बंद केल्या की अंग उतरेल आणि मन पण उतरेल, असं त्यांनी आधीच सांगून ठेवलं. मन उतरलंच आहे. आज सकाळी आरशात बघितलं, बारकाच दिसलो. तुझं पत्र हातात धरून बघितलं, तरी बारकाच दिसलो. दोघांतलं कोण खोटं बोलतंय, आरसा की तू, ते अजून मला ठरवता येत नाही. पण सुई घ्यायची तर आता तुला खोटं ठरवून घ्यावी लागेल, ते माझ्यानं होत नाही.

तू माझ्याशी बोलतच नव्हतीस, हे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. आई, मग माझ्याशी पण बोलत जा गं.

समीक्षाला सगळं सांगितलं, कॅमेरा समोर धरून. तिनं सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं संपलं सगळं. मग म्हणाली, जेवलास का. हळदीचं अजून काही ठरवलं नाही मी. उघडा बसायचं नुसतं डोक्यात आलं तरी हात शर्टाच्या गुंड्यांवर जातो. शर्टावरून चालेल म्हणालीस, ते लक्षात ठेव, ऐनवेळी फिरू नकोस. आत्याला सांग, कापड जास्त सोडू नकोस.

एक मागायचं होतं. तू बजरंगदादाचं लिहिलंस, गुटगुटीत होता म्हणालीस आणि लगेच पुढे पळालीस. मी एवढा मोठा झालो, पण तो कसा दिसायचा, कसा हसायचा, कुणाच्या अंगाखांद्यावर खेळायचा, घरात एकदाही ऐकलं नाही. आई, त्याला आता कुणाची नजर लागणार आहे? आता तरी त्याचं कौतुक कर. पानंच्या पानं लिही. मी वाट बघतोय.

तुझा,
आदिनाथ